बेसबॉल कार्डं: घरच्यांनी मिळून जमवताना

बेसबॉल कार्डं म्हणजे बेसबॉल खेळाडूंचे फोटो असलेली, जमवायची छापील कार्डं. काय जमवायचं ते आधी ठरवा: एक संघ, एक खेळाडू, की एका वर्षाचा पूर्ण सेट? लहान मुलं असतील तर संघच बरा, लवकर काहीतरी पूर्ण होतं.

कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं असतं. ते कडांना धरा. आधी पातळ स्लीव्ह (प्लास्टिकची मऊ पिशवी), मग टॉपलोडर (वरून उघडं, कडक प्लास्टिकचं पाकीट). स्लीव्हशिवाय सरकवलं तर चरे पडतात. कोपरा दुमडतो तो बहुधा स्लीव्हमध्ये घालतानाच. म्हणून स्लीव्ह बाजूंनी हलकी दाबून तोंड उघडा आणि कार्ड सरळ खाली सोडा, तिरकं नाही. साधा टॉपलोडर ३५ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे कार्डाच्या जाडीचं माप, इंचाचा हजारावा भाग). जर्सीचा तुकडा असलेलं जाड कार्ड त्यात कोंबू नका, १३० पॉइंटचा घ्या. बाकीची कार्डं पीव्हीसी नसलेल्या, ९ कप्प्यांच्या पानांत. रबरबँड अजिबात नको, कडांना खाचा पडतात.

अदलाबदलीआधी दोघांनी मिळून भाव बघा. मागितलेला नव्हे, प्रत्यक्ष विक्री झालेला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीला टॉप्स, डॉनरस, फ्लीअर या कंपन्यांनी कार्डं अमाप छापली. त्यामुळे ‘जुनं’ म्हणून पुढे केलेलं त्या काळातलं कार्ड बहुतेकदा कवडीमोलाचं निघतं. मोठ्या भावंडांचा हा आवडता डाव! घरातला सौदा दुसऱ्या दिवशीपर्यंत मोडता येईल, असा नियमच ठेवा.