तेलातल्या स्टेरॉलचं ऑक्सिडेशन मोजताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर कसबा पेठेतल्या एक फराळवाल्या ताई आमच्या लॅबमध्ये तेल घेऊन आल्या. चकलीच्या कढईतलं तेल, पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत, तेही अर्धीच भरलेली. स्कूटरच्या डिकीत तासभर उन्हात तापलेली. "मॅडम, पाकिटावर लिहिलेले ते स्टेरॉल तळून बिघडतात का, एवढंच सांगा." प्रश्न अगदी योग्य होता, पण ते तेल मी तपासायला घेतलं नाही. अर्धी बाटली हवा, वर ऊन. त्यातून आलेला आकडा कढईचा की डिकीचा, हे मला कधीच सांगता आलं नसतं.

सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल ही कोलेस्टेरॉलची वनस्पतींमधली भावंडं. राईस ब्रॅन तेलात ती भरपूर असतात, शेंगदाणा तेलात त्या मानाने कमी. रोज २ ग्रॅमच्या आसपास पोटात गेली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे १० टक्क्यांनी उतरतं, म्हणूनच पाकिटावर त्यांचं नाव छापतात. पण त्यांच्या ५-६ कार्बनमध्ये एक दुहेरी बंध असतो. उष्णता, हवा आणि उजेड लागला की त्याच्या आसपास ७-हायड्रॉक्सी, ७-कीटो, ५,६-इपॉक्सी आणि ट्रायॉल ही ऑक्सिडेशनची उत्पादनं, थोडक्यात ऑक्साइड, तयार होतात. हे फक्त कढईत होत नाही, आपल्या टेबलावरही होतं. नमुन्यात नसलेला ऑक्साइड आपल्याच हाताने तयार होणं, ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. आणि ती रिपोर्टवर दिसत नाही.

साबणीकरण गरम करू नका

साबणीकरण म्हणजे अल्कलीने तेल फोडून त्यातले स्टेरॉल मोकळे करणं. घाई असली की फ्लास्क रिफ्लक्सवर, म्हणजे उकळत, चढवायचा मोह होतो. स्टेरॉलची एकूण मात्रा मोजायला ते चालतं, ऑक्साइडला नाही. गरम अल्कलीत ७-कीटो रेणूतून पाणी निघून जातं आणि वेगळाच डायीन-कीटोन तयार होतो. मग ७-कीटोचा आकडा कमी येतो आणि तेल चांगलं वाटायला लागतं. म्हणून अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून रात्रभर, अंधारात, नायट्रोजनखाली, साध्या तापमानाला साबणीकरण करायचं.

यात 'साध्या तापमानाला' हा शब्द पुण्यात घात करतो. एका एप्रिलमध्ये आमचं ७-कीटो ओळीने कमी यायला लागलं. अभिकर्मक बदलले, गॅस क्रोमॅटोग्राफचा (रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र) कॉलम बदलला, फरक पडेना. शेवटी एका रविवारी दुपारी मी स्वतः जाऊन बघितलं. शनिवारी रात्री लावलेले फ्लास्क तसेच टेबलावर, सुट्टी म्हणून एसी बंद, आणि थर्मामीटर ३६ दाखवत होता. पद्धतीत २५ गृहीत धरलेलं. त्या दिवसापासून फ्लास्क पाण्याच्या बाथमध्ये ठेवतो आणि तापमान वहीत लिहितो.

साबणीकरण टाळून तेल थेट यंत्रात इंजेक्ट करणं हीसुद्धा चूकच. तेलातले बरेच स्टेरॉल फॅटी ॲसिडशी जोडलेले, एस्टरच्या रूपात असतात. ते सोडवले नाहीत तर मोजलेच जात नाहीत.

ईथरची जुनी बाटली

उघडून ठेवलेल्या डायइथाइल ईथरमध्ये पेरॉक्साइड साठतात. त्याने स्टेरॉल काढले की ऑक्सिडेशन आयतं होतं. वापरण्याआधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघा, मिनिटभराचं काम आहे. ॲसिडचंही भान ठेवा. साफसफाईत कुठे ॲसिड शिरलं तर इपॉक्सी उघडून ट्रायॉल होतो. इपॉक्सी अगदी कमी आणि ट्रायॉल भरमसाट दिसला की मी आधी नमुन्यावर नाही, स्वतःच्या पायऱ्यांवर संशय घेते.

हे पकडायचा खात्रीचा उपाय एकच. शुद्ध सिटोस्टेरॉल नमुन्यासारखंच पहिल्यापासून शेवटपर्यंत न्या. त्याआधी तेच थेट सिलिलेशन करून (रेणू यंत्रात सहज वाफ होईल असा बदलून) इंजेक्ट करा, कारण विकतच्या सिटोस्टेरॉलमध्येही थोडं ऑक्सिडेशन आधीच असतं. दोन्हींतला फरक तुमच्या पद्धतीने घातलेला. तो लहान असल्याशिवाय कोणाच्या तेलाबद्दल तोंड उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

इंटर्नल स्टँडर्ड (मोजून घातलेला तुलनेचा पदार्थ), बहुतेक ठिकाणी १९-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, साबणीकरणाच्या आधीच घाला. शेवटी घातलं तर वाटेत किती सांडलं ते कळत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये यंत्राच्या आलेखावरचे पीक (उंचवटे) फुगीर, जोडीने किंवा शेपटीसकट यायला लागले तर कॉलमला दोष देण्याआधी व्हायल (नमुन्याची छोटी कुपी) बघा. सिलिलेशनचा अभिकर्मक ओलाव्याने मरतो आणि पावसाळ्यात इथली हवा ओलीच असते. नमुना नायट्रोजनवर पूर्ण कोरडा करा, पिरिडीन कोरडं ठेवा.

एकाच पीकमध्ये दोन पदार्थ लपतात, त्यामुळे पीक बाहेर येण्याच्या नुसत्या वेळेवरून नाव देऊ नका. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणू आणि त्याच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख) ७-हायड्रॉक्सीसिटोस्टेरॉलचा ४८४ आणि ७-कीटोसिटोस्टेरॉलचा ५०० हे आयन तपासा.

आकडा वाचताना

एकक नीट लिहा. समजा १ ग्रॅम तेलात ३ मिलिग्रॅम स्टेरॉल आहे आणि त्यातलं १ टक्का ऑक्सिडाइझ झालं, तर तेलात ग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम. ३० टक्के तेल प्यायलेल्या चकलीत तेच ९. स्टेरॉलच्या ग्रॅममागे लिहिलं तर १०,०००. तिन्ही आकडे बरोबर, पण एकक न लिहिता हातात दिले तर गिऱ्हाईक घाबरून धंदा बंद करेल.

सुरक्षिततेबद्दलही तोलून बोला. पेशींवरच्या प्रयोगांत ही उत्पादनं मारक ठरली आहेत, पण तिथली मात्रा मोठी असते. वनस्पती स्टेरॉल आतड्यातून शोषलेही फार कमी जातात. कोलेस्टेरॉलच्या ऑक्साइडबद्दलचे निष्कर्ष उचलून यांना चिकटवू नका. तळणाच्या तेलासाठी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) २५ टक्के टोटल पोलर कंपाउंडची (तळून बिघडलेल्या घटकांची एकत्रित मोजणी) मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे, पण त्या मोजणीत स्टेरॉलचे ऑक्साइड वेगळे दिसत नाहीत.

ताई पुन्हा आल्या तेव्हा आम्ही दिलेल्या तपकिरी बाटल्या गळ्यापर्यंत भरून, बर्फात घालून आणल्या होत्या. एक पाकिटातलं तेल, एक पहिल्या दिवशीच्या तळणानंतरचं, एक तिसऱ्या दिवशीचं. तिसऱ्या दिवशीच्या तेलात ऑक्साइड पहिल्या दिवसापेक्षा कमी निघाले. "म्हणजे तेल सुधारलं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना शेजारचा रकाना दाखवला. उरलेले स्टेरॉलही निम्म्याच्या खाली आले होते. तापत राहिलं की ऑक्साइडही पुढे मोडतात, एकमेकांना जोडले जातात आणि आपल्या पीकमधून निसटतात. म्हणून उरलेलं स्टेरॉल मोजल्याशिवाय नुसत्या ऑक्साइडचा रिपोर्ट आम्ही देत नाही. ताई कागद घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "मग कढई रोज रात्री रिकामी."