शाळेचं वर्ष सगळ्यांच्या फोनवर

जूनच्या मध्यावर शाळा उघडली की वर्षाचं वेळापत्रक हातात पडतं. त्याच संध्याकाळी अर्धा तास काढून गूगल कॅलेंडरमध्ये 'शाळा' नावाचं वेगळं कॅलेंडर करा. कॉम्प्युटरवर बसून केलेलं बरं. आईबाबा दोघांना बदल करण्याची परवानगी द्या, आजी-आजोबांना फक्त बघण्याची. चुकून एखादी नोंद पुसली जायची भीती उरत नाही.

चाचण्या, पालकसभा, गॅदरिंग हे सगळेच टाकतात. खरा उपयोग आहे तो सुट्ट्यांचा. दिवाळीत कोकणात जायचं तर रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. म्हणजे 6 नोव्हेंबरची गाडी हवी असेल तर 7 सप्टेंबरला 'सकाळी 8, तिकीट' अशी वेगळी नोंद करा आणि पावणेआठची आठवण लावा. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून कोकण रेल्वेच्या तिकिटासाठी धावाधाव थांबली. मे महिन्याच्या सुट्टीचंही असंच करा.

रविवारी स्पर्धा परीक्षा असेल तर आदल्या दिवशीच्या नोंदीत 'मेगाब्लॉक बघणे' लिहा, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या लोकल कधी बंद आहेत ते बघणे. केंद्र ठाण्याला आणि घर परळला असेल तर अर्धा तास आधी निघावंच लागतं.

आणखी एक, प्रकल्प जमा करायच्या तारखेपेक्षा सामान आणायची तारीख आधी टाका. रात्री दहाला कार्डशीट मिळत नाही.