समुद्री किडा ओळखताना आधी रंग विसरा

खानापूरला नांगरामागून चालत, ढेकळातली गांडुळं बघत मी वाढलो. मुरुडेश्वराहून बोटीने नेत्राणी बेटावर जाऊन पहिली डाइव्ह मारली तेव्हा समुद्री किडाही तसाच असणार असं धरून चाललो होतो. दिसली ती प्रवाळावर उगवलेली, अंगठ्याच्या नखाएवढी दोन निळी झाडं. जवळ गेलो आणि दोन्ही एकदम गडप!

ती दोन झाडं म्हणजे एकच किडा, ख्रिसमस ट्री वर्म. अंग प्रवाळातल्या चुन्याच्या नळीत, बाहेर फक्त श्वासाचे आणि अन्न गाळायचे दोन मळसूत्री तुरे. सावली पडली की आत. अशा वेळी हातभर मागे सरा आणि न हलता तरंगत राहा. तुरे सावकाश उलगडतात, तेव्हा त्यांच्या बुडाशी नळीचं झाकण शोधा. झाकण आणि खडूसारखी कडक नळी असेल तर किडा याच कुळातला. नळी चामड्यासारखी मऊ, झाकण नाही आणि वर पिसांचा पंखा असेल तर फॅन वर्म. रंगावर जाल तर चुकाल. एकाच प्रवाळावर निळा, पिवळा, पांढरा शेजारीशेजारी नांदतात.

वाळूवर शेवया सांडल्यासारखे पांढरे दोरे दिसले तर स्पॅगेटी वर्म. अंग बिळात असतं.

खरी फसगत चपट्या किड्याची. मालवणला टिपलेला एक मी वर्षभर वहीत न्यूडीब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, म्हणून लिहून ठेवला होता. न्यूडीब्रँकचं अंग जाड, डोक्यावर खरी दोन शिंगं, आणि बऱ्याच जातींत पाठीवर कल्ल्यांचा तुरा. माझ्या फोटोत तुरा नव्हताच, आणि शिंगं म्हणजे पुढच्या कडेच्या नुसत्या दोन घड्या. कागदासारखं पातळ, झालरीसारखं लहरतं अंग, म्हणजे चपटा किडा.

आणि फायरवर्म. आपल्याकडच्या कुसरुडासारखाच, म्हणजे केसाळ सुरवंटासारखा: अंगावर वळी, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. हे केस कातडीत मोडून राहतात आणि आग आग होते. हात लागलाच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून केस उपटून काढा.

फोटो तीन घ्या: अख्खा किडा, डोकं, आणि तो कशावर बसलाय ते. तिसरा बहुतेक जण विसरतात, आणि ओळख अडते ती तिथेच.