ओल्या वाळूवर पाय दाबून बघा

खडकातल्या कणांमधलं पाणी दाबाखाली कसं वागतं, हे शिकायला निघालेल्या नाशिकच्या मुलामुलींना मी आधी गोदेच्या काठी नेतो. घट्ट बसलेल्या ओल्या वाळूवर पाय दाबा. पाणी वर यायला हवं, पण पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते. दाटून बसलेल्या कणांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं. फटी मोठ्या होतात आणि पाणी आत ओढलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्येच हे उलगडून दाखवलं.

एमएस्सीला हे मी फक्त पाठ केलं होतं. त्यापायी दोन महिने वाया गेले. पाण्याने भरलेले बेसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचे, नमुने यंत्रात भराभर दाबत होतो, रंध्रदाबाचा (कणांमधल्या फटींतल्या पाण्याच्या दाबाचा) सेन्सर नमुन्याच्या टोकाला. आकडा हलत नव्हता, मी निर्धास्त. पण नमुने फारच मजबूत निघत होते! तुटण्याआधी कातळात बारीक भेगा उघडतात आणि तिथला पाण्याचा दाब उतरतो. घट्ट कातळातून नवं पाणी तिथवर झिरपायला वेळ लागतो, तोवर खडक जास्त ताकदीचा भासतो. टोकाच्या सेन्सरला याचा पत्ताच नव्हता. चाचणी अगदी सावकाश घेतली, तेव्हा खरी ताकद कळली. म्हणून आधी पारगम्यता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज झिरपतं ते, मोजा, मग यंत्राचा वेग ठरवा.

पुस्तकात पहिल्यांदा मृदा-यांत्रिकीचा जनक टेर्झागी याचा नियम पक्का करा: एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो कणांनी पेललेला भार. आपल्या कातळात एक किलोमीटर खाली वरच्या खडकाचा दाब साधारण २८ मेगापास्कल, पाण्याचा १०. कणांवर उरले १८. पाण्याचा दाब वाढला की भेगेच्या दोन बाजूंची पकड सैल होते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना धरणाजवळचा भूकंप समजून घ्यायलाही हीच वजाबाकी लागते.

खूप खोल, उष्ण खडकांत गणित बदलतं. पाण्याला टेकलेल्या दोन कणांमधला कोन ६० अंशांहून कमी असेल, तर थोडं पाणीही कणांच्या कडांनी सलग जाळं विणतं. जास्त असेल तर सुटे थेंब अडकून राहतात. हा भाग दुसऱ्या वर्षी वाचलात तरी चालेल.

पांडवलेण्यांच्या बाजूच्या खाणींत मात्र लवकर जा. तिथल्या कातळाच्या पोकळ्यांत पाण्याने मागे ठेवलेली झिओलाइटं, म्हणजे स्फटिकरूप खनिजं, दिसतात. परवानगी काढूनच आत शिरा आणि पावसाळ्यात उभ्या कड्याखाली थांबू नका. भेगांत साचलेलं पाणी तिथेही पकड सैल करत असतं.