खिळा, मोरचूद आणि धातूंचा क्रम

पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम… ही क्रियाशीलतेची श्रेणी, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर आणि कमी क्रियाशील खाली असा क्रम, मुलं घडाघडा म्हणतात, पण मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) द्रावणात लोखंडी खिळा पडला तर काय होईल, विचारलं की गप्प. म्हणून मी आधी खिळाच हातात देतो.

काचेच्या ग्लासात 100 मिली पाणी घ्या, त्यात 5 ग्रॅम मोरचूद विरघळवा. हातमोजे घाला, मोरचूद विषारी आहे, तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका. खिळा पॉलिशपेपरने चकचकीत घासा. हे टाळू नका, गंज किंवा तेल असेल तर काहीच दिसणार नाही. खिळा दोऱ्याने अर्धाच बुडेल असा टांगा. थोड्या वेळाने बाहेर काढलात की बुडालेला भाग तांबूस, वरचा जसाच्या तसा. हे तांबं बोटाने पुसलं तरी निघतं, त्याला मुलामा म्हणू नका. लोखंड द्रावणात गेलं, तांबं बाहेर आलं. रात्रभर ठेवलंत तर निळा रंग फिका होत हिरवटपणाकडे झुकतो.

उलटं करून बघाच: फेरस सल्फेटच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) द्रावणात तांब्याची तार. काही होत नाही, आणि क्रम ठरतो तो याच 'काही होत नाही'वरून. बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मोरचूद लोखंडी बादलीत भिजवत नाहीत, तेही याच कारणाने.

आता गंमत ॲल्युमिनिअमची. श्रेणीत ते लोखंडाच्या वर, पण फॉइलचा तुकडा मोरचुदात टाकला तर ढिम्म! पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर त्याला वाचवतो. चिमूटभर मीठ टाका. क्लोराइड तो थर फोडतं, बुडबुडे येतात, ग्लास कोमट लागतो आणि फॉइलच्या जागी तांबूस गाळ उरतो. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, जवळ ज्योत नको. फॉइल नखाएवढंच घ्या.

अधातूंमध्येही हीच चढाओढ असते. पोटॅशिअम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरिनचं पाणी घातलं की आयोडिन मोकळं होऊन द्रावण तपकिरी होतं. हे मात्र प्रयोगशाळेतच, क्लोरिन घरी नको.

उरलेलं निळं द्रावण मोरीत ओतू नका, तांबं माशांना घातक असतं. त्यात लोखंडी काथ्या टाकून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवा, मग गाळून घ्या. गाळ वेगळा सुकवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.