ऑपरेशनचा आणि गोळ्या-औषधांचा खर्च कमी कसा करून घ्यावा

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कितीही घासाघीस केली तरी हाती फारसं लागत नाही. बोलायचं ते अ‍ॅडमिट होण्याआधी.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं की बिलिंगमधून लेखी एस्टिमेट घ्या. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), खोली, औषधं असं वेगवेगळं मागा. पॅकेज असेल तर त्याच्या बाहेर काय राहतं तेही विचारा. खोली निवडताना घाई करू नका. बऱ्याच खासगी रुग्णालयांत खोली बदलली की सर्जनची फी आणि तपासण्यांचे दरसुद्धा बदलतात. सर्जन तेच, ऑपरेशन तेच, पण जनरल वॉर्डात बिल बरंच खाली येतं.

मग रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते पाहा. पुण्या-मुंबईतली कितीतरी चकचकीत रुग्णालयं धर्मादाय आहेत आणि अडलेल्या माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही, याची मला मनापासून चीड येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. "आम्हाला धर्मादाय योजनेत अर्ज करायचाय," एवढंच स्पष्ट म्हणा. खाटा भरल्यात असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. तातडीच्या रुग्णाला या रुग्णालयांनी डिपॉझिटसाठी अडवायचं नसतं.

बीपी-शुगरच्या गोळ्या कायमच्या असतात, त्यामुळे तिथली बचत दर महिन्याला होते. तपासणीच्या वेळीच विचारा, "डॉक्टर, जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहून द्याल का?" मेडिकलवाल्याला आपल्या मनाने ब्रँड बदलता येत नाही, म्हणून नाव चिठ्ठीवरच हवं. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात जा. तिथे गोळी नसली तर नेहमीच्या मेडिकलमध्ये महिन्याभराच्या एकदम घेऊन सूट मागा. एमआरपी ही कमाल किंमत आहे, त्याहून कमीत विकायला दुकानदाराला आडकाठी नाही.

घरी निघण्याआधी सविस्तर बिल हातात घ्या आणि वॉर्डातल्या सिस्टरांसोबत न वापरलेली इंजेक्शनं, सलाइन, सीलबंद ग्लोव्हज मोजा. ते सगळं रुग्णालयाच्या फार्मसीत परत करून बिलातून वजा करून घ्या, पैसे त्यानंतरच भरा.