बाहेर घामाच्या धारा, आत हुडहुडी: कोकणात ऑफिसला काय घालावं?

मे महिन्यात रत्नागिरीत पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. नागपूरकरांना हे ऐकून हसू येईल. पण इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. निथळत ऑफिसात शिरलं, की एसीच्या कोरड्या हवेत तोच घाम भराभर वाळतो आणि अंगातली ऊब घेऊन जातो. म्हणजे हुडहुडी भरते ती निम्मी ओल्या बनियनमुळे. मी दोन वर्षं उगाच एसीला शिव्या घातल्या.

१. आधी कोरडे व्हा. दहा मिनिटं लवकर पोचा, मान-पाठ पुसा आणि आतला कपडा बदला. डब्याच्या पिशवीत एक जादा बनियन किंवा स्लिप मावते. पुसायला टॉवेलपेक्षा पातळ पंचा बरा. तो खिडकीत टाकला तर दुपारपर्यंत वाळतो. एवढं एकच केलंत तरी निम्मं काम झालं.

२. अंगालगत पातळ, सैल सुती कपडा घाला. जाड सुती कपडा घाम पितो खरा, पण नंतर ओलाच राहतो. जुलैत जीन्सच्या वाटेला जाऊ नका. ती दोन-दोन दिवस वाळत नाही आणि शेवटी सादळलेलीच घालावी लागते. त्या दिवसांत सुती-पॉलिएस्टर मिश्रणाची पँट सोयीची.

३. गरम कपडा समोरून उघडणारा हवा, डोक्यातून घालायचा नको. कारण इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टरवर बहुतेक ठिकाणी पंखेच चालतात, एसी नाही. पाच मिनिटांत खोलीची भट्टी होते. पातळ जाकीट ऑफिसात खुर्चीला अडकवून ठेवा, रोज वाहू नका. झोत मानेवरच येत असेल, तर जाकिटापेक्षा सुती ओढणी किंवा स्टोल जास्त उपयोगी.

पावसाळ्यात मात्र ते जाकीट दर शनिवारी घरी न्या. नाहीतर कुबट वास तुमच्या आधी साहेबांना येईल.

४. पाय विसरू नका. पावसात रबरी सँडल घालून या आणि कोरडे मोजे-बूट ऑफिसात ठेवा. चामड्याचे नकोत, आठ दिवस कोपऱ्यात राहिले की त्यांच्यावर बुरशीची पांढरी साय धरते. ओल्या मोज्यांत आठ तास बसलात, तर अंगावर कितीही घाला, थंडी जाणार नाही.

५. मग रिमोटचं बोला. २०२० पासून देशात विकले जाणारे स्टार-लेबलचे घरगुती एसी मुळात २४ अंशांवर लावूनच येतात. त्यामुळे १८ चे २४ करा म्हणणं म्हणजे नखरे नव्हेत, विजेचं बिलही कमी होतं. तरी कुणी ऐकेना, तर जागा बदलून मागा. एसीखालची खुर्ची नेहमी नव्या माणसालाच का मिळते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

डिसेंबर-जानेवारीत हिशेब उलटतो. सकाळी दुचाकीवर घाट उतरताना जाकीट लागतं आणि ऑफिसात एसी कुणी लावतच नाही. तेव्हा खुर्चीवरचं ते जाकीट घरी आणा, धुवा आणि अंगणात दोन कडक उन्हं दाखवा.